त्या २९ पाहुण्यांची बातमी अजून पुरी व्हायची आहे

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,



२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नगर जिल्ह्यात दाखल झालेले काही गुन्हे रद्द केले. आरोपींत २९ परदेशी नागरिक होते आणि सहा भारतीय. या परदेशी लोकांना आसरा दिला म्हणून मशिदींच्या विश्वस्तांनाही गुन्ह्यात ओढले होते. परदेशी पाहुणे आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबुती, बेनिन आणि इंडोनेशिया या देशांतले. तबलिगी जमातीबरोबर ते भारतात आले होते आणि टाळेबंदी लागली तेव्हा नगर जिल्ह्यातल्या मशिदींत मुक्कामाला होते. त्यांच्यावर भारतीय दंड संहितेची कलमे लागली, साथरोग कायदा लागला, आपत्ती व्यवस्थापन कायदा, महाराष्ट्र पोलीस कायदा आणि परदेशी नागरिकांविषयीचा कायदाही लागला. न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी कागदपत्रे तपासली आणि या माणसांवर खटला चालवावा असे त्यांत काहीच नाही, असा निर्णय दिला.

हा निकाल तुम्ही छापला नाही असे मी म्हणणार नाही. छापलात. पण एप्रिल महिनाभर सकाळ-संध्याकाळ जी बातमी घराघरांत आदळत होती, तिचा शेवट ऑगस्टमध्ये एका दिवसात उरकला गेला. ज्याने एप्रिलमध्ये पाहिले-वाचले, त्याला ऑगस्टमधले कळलेच असेल याची काही खात्री नाही. मला तर आजही लोक भेटतात, चांगली शिकलेली माणसे, जी 'नगरला ते मशिदीत लपलेले परदेशी सापडले होते' एवढेच सांगतात. पुढे काय झाले ते त्यांना ठाऊक नसते. त्यांना ते ठाऊक करून देणे हे तुमचे काम अजून शिल्लक आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

मी नगरचा. इतिहास शिकवण्यात नोकरी झाली. तबलिगशी माझा कसलाही संबंध नाही आणि धर्मप्रचार या गोष्टीचे मला वेगळे प्रेमही नाही. ज्याचा देव त्याच्या घरी, अशा मताचा मी आहे. पण परमुलखातून धर्माचे काम करायला आलेला माणूस आणि साथीचा रोग, या दोन्ही गोष्टी माझ्या शहराच्या इतिहासात इतक्या जवळजवळ आहेत की २०२० मध्ये जे झाले ते मला नुसती बातमी म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

जमात म्हणजे नेमके काय, हे तेव्हाच्या बातम्यांत फारसे आले नाही. मौलाना मुहम्मद इलियास कांधलवी यांनी १९२०च्या दशकात मेवात भागात हे काम सुरू केले. दिल्लीत निजामुद्दीनची बंगलेवाली मशीद हे त्याचे मुख्य ठिकाण, तेच मरकज. त्यांचा सगळा रोख मुसलमानाकडेच असतो. नमाज सोडलेल्याला नमाजकडे वळवावे, एवढेच मुख्य काम. दहा-पंधरा जणांचा गट निघतो. एकाला अमीर नेमतात. खर्च ज्याचा त्याने करायचा. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी बरोबर घेऊन साधारण तीन दिवस एका मशिदीत राहायचे, मग पुढच्या गावाला. कोणी तीन दिवसांसाठी निघतो, कोणी चाळीस दिवसांच्या चिल्ल्याला, कोणी चार महिन्यांसाठी. सकाळी मशवरा होतो: आज स्वयंपाक कोणाकडे, बाजार कोण करणार, कोण बोलणार. मग तालीम, म्हणजे बसून वाचन. संध्याकाळच्या आधी गश्त, म्हणजे मोहल्ल्यात दारोदार जाऊन लोकांना मशिदीत यायची विनंती. पेरण्या उरकून पंढरीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्यासारखा, वर्षातला काही काळ धर्मासाठी बाजूला काढणारा हा संसारी माणूस. दुकानदार असतो, कारागीर असतो, निवृत्त कारकून असतो. आफ्रिकेतल्या एखाद्या गावातल्या अशा माणसाने साठवलेल्या पैशांतून एकदा निजामुद्दीन बघावे, हिंदुस्थानातल्या मुसलमानांमध्ये राहून यावे, अशी इच्छा धरली तर त्यात न समजण्यासारखे काय आहे?

आता २०२०च्या मार्चचे दिवस आठवा. महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले. ते दुबईहून सहल करून आले होते. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. १३ मार्चला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ही आरोग्य आणीबाणी नाही, असे पत्रकारांना सांगितले. १६ मार्चला दिल्ली सरकारने पन्नासच्या वर माणसे जमायला बंदी केली. २२ला जनता कर्फ्यू. त्याच दिवसापासून आंतरराष्ट्रीय विमाने उतरेनाशी झाली आणि रेल्वेही थांबली. २४ला रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलले आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. चार तास मिळाले. त्या चार तासांत नेवाशाच्या किंवा जामखेडच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या बेनिनच्या माणसाने कुठे जायचे होते? विमान नाही, गाडी नाही, लॉज बंद. भाषा येत नाही. तो मशिदीत राहिला, कारण त्याच्यासमोर उघडे असलेले दार तेवढेच होते.

त्या मार्चमध्ये दिल्लीच्या मरकजमध्ये जमातीचे पुष्कळ लोक एकत्र होते. तिथे जे घडले त्याचे मी समर्थन करत नाही. १६ मार्चनंतर एवढी माणसे एका इमारतीत राहू देणे ही गंभीर चूक होती, आणि तिच्यामुळे रोग पसरला, माणसे मेली, त्यांत जमातीचीही होती. ज्यांच्या हाती तिथला कारभार होता त्यांनी वेळीच लोकांना घरी पाठवायला हवे होते. आणि मरकजच्या शेजारीच पोलीस ठाणे आहे, तेव्हा दिल्लीच्या प्रशासनालाही हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. निर्णय घेतला तर काय होऊ शकते हे आपल्याच राज्याने दाखवले होते. वसईला मार्चच्या मध्यावर जमातीचा मोठा इज्तिमा, म्हणजे मेळावा, व्हायचा होता. महाराष्ट्र सरकारने त्याची परवानगी मागे घेतली आणि तो झाला नाही. त्याच वर्षी आषाढीला पालख्या पायी न जाता एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि वारकऱ्यांनी शेकडो वर्षांची वाट एका वर्षापुरती सोडली. गर्दी ही प्रशासनाने हाताळायची बाब आहे. ती हाताळली गेली नाही, तर जाब कारभाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना विचारावा. दिल्लीतल्या इमारतीचा जाब नगरच्या मशिदीत भाषेविना बसलेल्या परक्या पाहुण्याला विचारायचा नसतो.

त्या दिवसांत महाराष्ट्रात अडकलेले धर्मयात्री तेवढेच नव्हते. नांदेडच्या हजूर साहिबला पंजाबातून आलेले हजारो शीख यात्रेकरू टाळेबंदीत तिथेच राहिले. गुरुद्वाऱ्याने त्यांना महिनाभर राहायला दिले, लंगर चालू ठेवला. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांनी ते पंजाबात परतले आणि तिथे तपासणीत त्यांच्यातले पुष्कळ जण बाधित निघाले. त्यावर दोन राज्यांच्या पुढाऱ्यांत आरोप-प्रत्यारोप झाले, पण त्या यात्रेकरूंवर कोणी रोग मुद्दाम पसरवल्याचा आळ घेतला नाही. घेऊही नये. ती माणसे अडकली होती, त्यांना देवाच्या दारी आसरा मिळाला, आणि रोगाने त्यांना गाठले. हेच आपल्याला नांदेडच्या बाबतीत कळले आणि नगरच्या बाबतीत कळले नाही. नांदेडच्या यात्रेकरूंविषयी लिहिताना तुम्ही दाखवलेली समज मी विसरलेलो नाही, म्हणूनच दुसऱ्या ठिकाणी ती का आटली, हे विचारण्याचा मला हक्क वाटतो.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मथळ्यांचा सगळा जोर आकड्यांवर होता. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की देशातल्या १४,३७८ बाधितांपैकी ४,२९१ जण, म्हणजे २९.८ टक्के, मरकजच्या कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. आकडा खराच होता. पण तो कसा तयार झाला ते सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. त्या वेळी देशात चाचण्या फार थोड्या होत होत्या. परदेशातून आलेला, बाधिताच्या संपर्कात आलेला किंवा श्वसनाच्या तीव्र त्रासाने दवाखान्यात भरती झालेला, मुख्यतः अशांचीच चाचणी होई. आणि जमातीच्या माणसांचा मात्र देशभर शोध घेतला गेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच जमातीचे लोक आणि त्यांच्या संपर्कातले मिळून पंचवीस हजारांहून अधिक जण विलगीकरणात होते. शोध घेतला हे योग्यच झाले, साथ आवरायची तीच रीत आहे. पण जिथे दिवा नेऊन बघितले तिथे सापडले आणि बाकीच्या घरात अंधार होता, अशा स्थितीत सापडलेल्याचा टक्का मोठा दिसणारच. प्रत्येक बुलेटिनमध्ये हे एक वाक्य जोडता आले असते. एकूण चाचण्या किती, त्यांतल्या जमातीच्या किती, हा प्रश्न पत्रकार परिषदेत रोज विचारता आला असता. त्याऐवजी एकूण आकडा आणि त्यातला 'त्यांचा' आकडा, असे दोन रकाने पडद्यावर आले. इतर कोणत्याही समूहाच्या नावाचा रकाना आपण त्या साथीत ठेवला नाही. दुबईच्या सहलींचा ठेवला नाही, लग्नांचा ठेवला नाही. ८ एप्रिलला आरोग्य मंत्रालयानेच सूचना काढली होती की कोणत्याही समाजावर किंवा भागावर रोगाचा शिक्का मारू नये. ही सूचना तुमच्या कार्यालयातही पोहोचली असणार. डिसेंबरात देशातले बाधित एक कोटीच्या पुढे गेले, तोवर तो रकाना कधीच पुसला गेला होता, पण त्याने करायचे ते करून झाले होते. गावोगावी मुसलमान भाजीवाल्याला गल्लीत येऊ न देण्याचे प्रकार झाले ते त्याच आठवड्यांत.

त्याच एप्रिलमध्ये, १६ तारखेच्या रात्री, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाकडून मारले गेले. मुले पळवणारे आले आहेत, अशी अफवा होती. टाळेबंदीत गाव भेदरलेले असते, अनोळखी माणूस दिसला की त्याच्याविषयी काहीही खरे वाटू शकते. धर्मासाठी घर सोडून फिरणारा माणूस अशा वेळी सगळ्यांत उघडा पडतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. त्याचे गणगोत तिथे नसते, त्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. त्याच्याविषयी बातमी देणाऱ्याची जबाबदारी म्हणून मोठी असते.

आता निकालाकडे येतो. तो सगळ्या संपादकांनी मुळातून वाचावा अशी माझी इच्छा आहे. परदेशी पाहुण्यांचे म्हणणे असे होते की ते वैध व्हिसावर आले, विमानतळावर त्यांची तपासणी झाली, आणि इथली संस्कृती, पाहुणचार, खाणेपिणे अनुभवायला ते आले होते. सरकारचे म्हणणे असे की पर्यटक व्हिसावर येऊन त्यांनी धर्मप्रचार केला आणि टाळेबंदीचे आदेश मोडले. न्यायालयाने व्हिसाचे नियमच पुढे ठेवले. पर्यटकाने धार्मिक स्थळी जाणे, धार्मिक प्रवचन ऐकणे याला त्या नियमांत मनाई नाही. दुसऱ्यांचे धर्मांतर केले म्हणावे तर त्याचा पुरावा नाही, आणि या माणसांना इथल्या लोकांची भाषाही येत नव्हती; त्यांच्यातले कोणी फ्रेंच बोलणारे, कोणी अरबी. त्यांनी रोग पसरवला असे दाखवणारे काही कागदावर आले नाही. साथीच्या किंवा आपत्तीच्या वेळी सत्तेला बळीचा बकरा शोधावासा वाटतो आणि इथे परदेशी पाहुण्यांना तसे निवडले गेले असावे, इतक्या स्पष्टपणे न्यायालयाने लिहिले. एका न्यायमूर्तींनी निकालातल्या काही निरीक्षणांपासून स्वतःला वेगळे ठेवले, हेही सांगायला हवे. गुन्हे रद्द करण्याविषयी मात्र दोघांचे एकमत होते.

त्याच निकालात तुमच्याविषयी, म्हणजे छापील आणि दूरचित्रवाणीच्या माध्यमांविषयीही लिहिले आहे. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला गेला, त्यांच्यामुळेच देशात रोग पसरला असे चित्र उभे केले गेले, आणि या लोकांचा त्यामुळे एक प्रकारे छळ झाला, असा त्याचा आशय. झालेल्या कृतीचा पश्चात्ताप व्हावा आणि झालेली हानी भरून काढण्याची पावले उचलावीत, असेही न्यायालयाने सुचवले. निकालाची बातमी देताना हा भाग गाळणे सोपे होते, आणि मी वाचत असलेल्या दैनिकात तो मला दिसला नाही.

नगरचा हा निकाल एकटा नव्हता. महिनाभरात, सप्टेंबर २०२० मध्ये, नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला. स्थानिक भाषा न येणारी ही माणसे आपल्याच भाषेत कुराण वाचत होती. त्यांनी प्रचार केला, रोग पसरवला याला आधार नाही, असे न्यायमूर्ती व्ही. एम. देशपांडे आणि अमित बोरकर यांनी म्हटले. दिल्लीत वेगळे घडले. तिथे शेकडो परदेशी लोकांनी गुन्हा कबूल करून काही हजारांचा दंड भरला आणि घर गाठले. ज्याच्या देशात जायला विमाने मिळेनात, ज्याची बायकामुले महिनोन्महिने वाट पाहत आहेत, त्याने कबुलीवर सही केली तर ती अपराधाचीच कबुली होती असे मी मानत नाही. काही जणांनी मात्र सही नाकारली आणि खटला लढवला. त्यांतल्या ३६ जणांची १५ डिसेंबर २०२० रोजी साकेतच्या न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. आणि ज्या भारतीय लोकांनी परदेशी पाहुण्यांना मशिदीत, घरात ठेवून घेतले, त्यांतल्या सत्तर जणांवरची आरोपपत्रे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली ती १७ जुलै २०२५ रोजी. पाच वर्षे ही माणसे आरोपी म्हणून जगली, पाहुण्याला टाळेबंदीत बाहेर काढले नाही म्हणून.

त्या काळात या परदेशी माणसांचे दिवस कसे गेले असतील, याचा विचार मी पुष्कळ केला. २५ एप्रिलला रमजान लागला. घरापासून हजारो मैलांवर, विलगीकरणात, भोवती आपल्याला भिणारी माणसे, आणि रोजा सोडायला कोणी आपल्या भाषेत बोलणारे नाही. रोग आपल्यालाही झाला तर काय, या भीतीतून तेही सुटलेले नव्हते. केंद्र सरकारने २ एप्रिललाच ९६० परदेशी लोकांचे व्हिसा रद्द करून त्यांना काळ्या यादीत टाकले होते. जूनमध्ये अडीच हजारांवर लोकांना दहा वर्षे भारतात यायची बंदी झाली. त्याच एप्रिलच्या अखेरीस जमातीतले बरे झालेले लोक दिल्ली आणि हरियाणात रक्तद्रव दान करत होते, आपल्याला ज्यांनी दोष दिला त्यांच्यातल्याच कोणासाठी. आणि ७ मेपासून 'वंदे भारत' विमाने जगभर अडकलेल्या आपल्या माणसांना आणू लागली. त्यांत मराठी मुले होती, सहलीला गेलेले आजी-आजोबा होते. परदेशात त्यांना कोणी जेवू घातले, कोणी भाडे न घेता ठेवून घेतले, अशा हकिकती तुम्ही आवर्जून छापल्यात. त्या वाचताना मला बरे वाटे. परक्या माणसाला आसरा देणे ही चांगली गोष्ट आहे, हे आपल्याला त्या वेळीही कळत होते.

माझ्या शहराच्या इतिहासाचा उल्लेख मी सुरुवातीला केला. त्याची गोष्ट मुंबईपासून सुरू होते. १८१३च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होते, ते शत्रुदेशाचे नागरिक होते, आणि कंपनी सरकारचा हुकूम होता की त्यांना परत पाठवा. गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांनी अखेर त्यांना राहू दिले. पुढे त्यांना येऊन मिळालेला सॅम्युअल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेला. हॉल १८२६ मध्ये नाशिकला गेला तेव्हा तिथे पटकीची साथ जोरात होती. बरोबरचे औषध त्याने रुग्णांना वाटून टाकले. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत तो मुक्कामाला थांबला, तिथेच त्याला पटकी झाली आणि २० मार्च १८२६ रोजी तो गेला. परधर्माच्या प्रचारासाठी आलेला, साथीतून चाललेला परदेशी माणूस, आणि त्याला ओसरी मिळाली ती देवळाची. ती ओसरी देणाऱ्या गावकऱ्यांवर गुन्हा दाखल झाला असता तर आज आपण काय म्हटले असते?

या अमेरिकन मिशनऱ्यांच्याच मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे मांडले. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा इथलीच. ती पाहून जोतिराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याचे मनावर घेतले. आणि संपादक महोदय, 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ मध्ये याच नगरमधून निघाले. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'नंतर दहाच वर्षांनी. तुमच्या पेशाच्या पहिल्या पिढीत परदेशातून आलेल्या धर्मप्रचारकांचा वाटा आहे. त्यांच्या धर्मांतराच्या कामावर मराठी माणसाने कडाडून टीका केली, करायलाच हवी होती; वाद झाले, शास्त्रार्थ झाले, पत्रांतून लढाया झाल्या. पण टीका त्यांच्या मतांवर होती. रोग घेऊन आलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवून आपण वाद जिंकला नाही.

आणि ज्या साथरोग कायद्याखाली २०२० मध्ये गुन्हे दाखल झाले, तो १८९७चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये केलेला. त्या कायद्याच्या जोरावर घरांत शिरलेल्या सोजिरांविरुद्ध मराठी पत्रांनी कसे लिहिले, ते तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. संपादकांनी त्यासाठी तुरुंग भोगला. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, ज्या अध्यापनाचे धडे घ्यायला फरारबाईंकडे नगरला आल्या होत्या. साथीत सरकारला प्रश्न विचारायचे आणि दुबळ्याच्या बाजूला उभे राहायचे, ही मराठी पत्रकारितेची स्वतःची रीत आहे. ती कोणाकडून उसनी आणायची नाही.

नगरकरांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. त्याच २०२० मध्ये कोरोनाचे रुग्ण मोठ्या संख्येने ज्या दवाखान्यात बरे झाले, ते बूथ हॉस्पिटल मुक्तिफौजेचे आहे. परदेशी मिशनऱ्यांनी रोवलेले. तिथे खाटेवर पडलेल्या कोणत्याही नगरकराने 'हे कोणत्या धर्माच्या लोकांनी बांधले' असे विचारले नाही. त्याचे कौतुक तुम्ही भरभरून छापलेत आणि ते रास्त होते. एका शहरात, एकाच उन्हाळ्यात, परदेशातून आलेल्या धर्मकार्याच्या दोन बाजू आपण पाहिल्या, आणि एकीचीच गोष्ट शेवटपर्यंत सांगितली.

वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने २०२१च्या जूनमध्ये दोन कन्नड वाहिन्यांना जमातीविषयीच्या वार्तांकनाबद्दल दंड ठोठावला. मराठीत कोणाला दंड व्हावा, अशी माझी मागणी नाही. दंडाने वाचकाच्या डोक्यातला एप्रिल पुसला जात नाही. माझी मागणी साधी आणि करता येण्यासारखी आहे.

मार्च ते मे २०२० मधल्या जमातीविषयीच्या तुमच्या बातम्या, लेख आणि चित्रफिती तुमच्या संग्रहात आहेत आणि लोकांना दिसतात. ज्या बातमीत नगरच्या किंवा नागपूरच्या परदेशी नागरिकांवरील गुन्ह्याचा उल्लेख आहे, त्या प्रत्येकीच्या माथ्यावर दोन ओळी घाला: हा गुन्हा उच्च न्यायालयाने अमुक तारखेला रद्द केला. ज्या बातमीत या माणसांची छायाचित्रे आहेत, तिथून ती काढा. निकालातला माध्यमांविषयीचा भाग एकदा पूर्ण, मराठीत, पहिल्या पानावर छापा. आणि पुढच्या साथीसाठी, कारण ती येणार आहे, आतापासून कार्यालयात लिखित नियम करा की रुग्णसंख्येत धर्माचा किंवा जातीचा रकाना असणार नाही, आणि टक्का सांगितला की एकूण चाचण्यांचा आकडा त्याच ओळीत येईल.

यातले पहिले काम एका उपसंपादकाला आठवड्याभरात उरकता येईल. ते करावे आणि केल्याचे वाचकांना छापून कळवावे, ही नगरकर म्हणून आणि तुमचा रोजचा वाचक म्हणून माझी विनंती आहे.

आपला,
नगरचा एक वाचक